खुर्ची ज्याची त्यानेच न्यायची

गावात कुणाच्या घरात काय चाललंय हे सगळ्यांत आधी मला कळतं, असा माझा लौकिक आहे आणि तो मी मेहनतीने कमावला आहे. पण माझ्यापेक्षा दहापट जास्त माहिती असलेली एक व्यक्ती इथेच, माझ्या शेजारच्या घरात राहते आणि तिने आयुष्यात त्यातला एक शब्द बाहेर काढलेला नाही. माहितीची अशी नासाडी मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही.

या बाई पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. तेव्हा कुणाला फोन लावायचा तर आधी यांना सांगावं लागायचं, मग त्या इकडची वायर काढून तिकडे खुपसायच्या. कुणाचं जमलं, कुणाचं मोडलं, कुणाचा जावई रुसला, कुणाचं दुकान आतून पोखरलंय, सगळं त्यांच्या कानावरून जायचं. त्यांना नाव आहे, पण ते कागदोपत्री. गावासाठी त्या हॅलोबाई. त्यांचे यजमान माझे जिवलग दोस्त, त्यामुळे त्या मला भाऊजी म्हणतात, आणि या नात्याच्या जोरावर मी वर्षानुवर्षं त्यांना खोदून खोदून विचारत आलो. उत्तर ठरलेलं. "भाऊजी, लाईन जोडून दिली की कान काढून घ्यायचा असतो."

कान काढून घेतला असेल, पण तो तयार झाला होताच. एखादा नुसतं "बरं चाललंय" म्हणाला तरी याचं बरं चाललेलं नाही हे त्यांना कळायचं. गावातली माणसं त्यांच्याशी खोटं बोलायला घाबरत. माझ्याशी मात्र मनसोक्त बोलत.

पुढे एक्स्चेंज आपोआप चालायला लागलं आणि बाईंना लवकर घरी पाठवलं. त्या चार दिवसांत कंटाळल्या. घर इतकं आवरलं की त्यांच्या यजमानांना स्वतःची चप्पल सापडेना. मग एक दिवस ऐकलं की बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्याची किल्ली बाईंकडे आली आहे आणि तिथे गाणं, चित्रं, मातीकाम, नाटक असं सगळं चालणार आहे. कारखानदाराची मुलं बाहेरगावी गेलेली, यंत्रं भंगारात गेलेली. त्याने बाईंना सांगितलं, मी आहे तोवर वापरा आणि माझ्यानंतरही वापरा. एवढा मोठा हॉल त्याने फुकट का दिला? यामागे कुठला तरी जुना फोन आहे, अशी माझी पक्की खात्री आहे. मी विचारलं तेव्हा बाईंनी बिस्किटांची बशी माझ्यापुढे सरकवली.

जागा मात्र झकास. गारवा टिकावा म्हणून भिंतींना आतून बुचाचं जाड अस्तर, वर उंच सिमेंटचं छत, दार हातभर जाड. आतला आवाज बाहेर जात नसे. आमचा केमिस्ट तिथे मोकळ्या गळ्याने गायचा आणि गाव सुखरूप राहायचं.

हॉलमध्ये बसायला काहीच नव्हतं. तेव्हा बाईंनी एक रीत पाडली. जो येईल त्याने घरून आपली एक खुर्ची आणायची आणि ती इथेच ठेवायची. नाव नोंदवायचं नाही, वर्गणी नाही, खुर्ची हेच सभासदत्व. काय एकेक खुर्च्या जमल्या! दातांच्या डॉक्टरांनी दवाखान्यातली जुनी खुर्ची आणली. तीत बसलं की पाय वर जायचे आणि तोंड आपोआप उघडायचं. नाटकात राजा असला की सिंहासन तेच, त्यामुळे आमचे सगळे राजे छताकडे बघून हुकूम सोडत. ड्रायव्हिंग शिकवणाऱ्याने जीपची सीट आणली. केमिस्टची घडीची खुर्ची कधी मिटेल याचा नेम नव्हता. मी माझी आरामखुर्ची ठेवली, कारण घरी बायको मला तीत बसू देत नव्हती. आणि बाईंची स्वतःची होती ती एक्स्चेंजमधली, उंच, लोखंडी, फिरणारी, निवृत्तीच्या वेळी मागून घेतलेली.

रीतीचा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा. सोडून जायचं असेल तर कुणी अडवणार नाही, कारण विचारणार नाही. फक्त स्वतः यायचं, तोंडावर "मी निघालो" एवढं म्हणायचं, सोबत बसून चहा प्यायचा आणि आपली खुर्ची आपल्या हाताने उचलून न्यायची. केमिस्ट एकदा असा गेला. नाटकात त्याला गाणं दिलं नाही म्हणून फुगून आला, मान खाली घालून निघालो म्हणाला, चहा प्याला, खुर्ची उचलताना ती मिटली आणि बोट चिमटलं. बाईंनीच पट्टी बांधली. थोड्या दिवसांनी तीच खुर्ची घेऊन तो परत आला, तेव्हाही चहा झाला. चहा पिता पिता माणूस राग ठेवू शकत नाही, असं बाईंचं म्हणणं. जी माणसं वारली त्यांच्या खुर्च्या तशाच राहिल्या. बाईंच्या यजमानांची वेताची खुर्चीही खिडकीपाशी होती. तीत कुणी बसत नसे, पण पुसली रोज जायची.

आता वन्सं. बाईंच्या यजमानांची धाकटी बहीण, शाळेत चित्रकला शिकवायच्या. नोकरी संपली तशा भावाकडे राहायला आल्या. मग भाऊ गेला आणि घरात या दोघी उरल्या. बाई त्यांना वन्सं म्हणत, मग सगळं गावच वन्सं म्हणायला लागलं. म्हणजे ही बाई अख्ख्या गावाची नणंद. आणि नणंदेचं कामही त्या चोख करत. कुणाच्या चित्रातला घोडा बघून "याला सोंड राहिली वाटतं" असं म्हणून पुढे जात, आणि मग मागे वळून, बाजूला बसून, तो घोडा घोड्यासारखा करून देत. खरं सांगायचं तर शिकवायचं सगळं काम वन्सं करायच्या. बाई दार उघडायच्या, माणसं बोलवायच्या, जोडून द्यायच्या. पण गाव म्हणायचं "हॅलोबाईंचं केंद्र". वन्सं यावर हसत. मी ते हसू पाहिलं होतं. डाव्या बाजूने सुरू व्हायचं आणि उजवीकडे पोचायचं नाही.

कुलपाच्या किल्ल्या दोन. एक बाईंच्या कमरेला, एक वन्संच्या.

मग गावाला नवे अध्यक्ष मिळाले आणि त्यांनी बस स्टँडमागे सांस्कृतिक भवन बांधलं. बटणावर उघडणारा पडदा, लिफ्ट, थंड हवा, सगळं होतं. भवन झालं, पण आत घालायला संस्कृती नव्हती. ती सगळी बर्फाच्या कारखान्यात होती. अध्यक्ष स्वतः बाईंकडे आले, तुमचं केंद्र भवनात आणा म्हणाले. बाई नको म्हणाल्या. त्यांचं म्हणणं साधं होतं. भवनाच्या फाटकावर पहारेकरी, तो विचारणार काय काम आहे. आपल्याकडे येणाऱ्या निम्म्या माणसांना काहीच काम नसतं, म्हणून तर ती येतात.

पण त्यांनी ही गोष्ट दडवली नाही. सगळ्यांना बोलावलं, जो तो आपापल्या खुर्चीत बसला. बाईंनी अध्यक्षांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. भवन चांगलं आहे, कुणाला जावंसं वाटलं तर त्यात वाईट काही नाही, म्हणाल्या. फक्त रीत तेवढी पाळा. डॉक्टर छताकडे बघत होते, पण ते त्या खुर्चीमुळे असेल. मग वन्सं उभ्या राहिल्या.

"मी असेपर्यंत इथली एक खुर्ची हलायची नाही."

टाळ्या पडल्या. बाईंनी वन्संकडे असं पाहिलं, जसं त्या माझ्या दोस्ताकडे पाहायच्या.

त्यानंतर वन्संचा आवाज बदलला. थोडा चढा, थोडा घाईचा. हे मला नंतर बाईंनीच सांगितलं. त्यांना तेव्हाच ऐकू आलं होतं, पण त्यांना वाटलं घसा धरलाय. रोज सकाळी कोमट पाण्यात मीठ घालून त्या वन्संच्या हातात द्यायच्या आणि वन्सं निमूटपणे मोरीत उभ्या राहून गुळण्या करायच्या. सगळ्या गावाचं खोटं वाऱ्यावर ओळखणारी ही बाई, घरातल्या आवाजाला मीठपाणी पाजत होती.

मग वन्संनी बाईंच्या चष्म्याचं काढलं. सुईत दोरा जात नाही, नंबर वाढलाय, दाखवून ये. शेजारच्या मोठ्या गावातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळही त्यांनीच घेतली. डोळ्यांत थेंब घातले की दिवसभर धड दिसत नाही, सोबत कुणीतरी हवं, तर भाऊजी जातील ना, असं मला गोड आवाजात विचारलं. मी फुशारलो. वन्संनी डबा भरून दिला, बस स्टँडपर्यंत आल्या, बाईंना खिडकीपाशी बसवलं, सावकाश ये गं वहिनी म्हणाल्या आणि बस वळेपर्यंत हात हलवत राहिल्या. त्यांनी एका बसमध्ये दोन माणसं गावाबाहेर घालवली होती. एक, जिला आवाजावरून कळलं असतं. दुसरा, ज्याला कळलं असतं तर गावभर झालं असतं.

दुपार कलताना आम्ही परतलो. बाईंच्या डोळ्यांवर पुठ्ठ्याचा काळा चष्मा, त्यामागे सगळं धुकं. त्या म्हणाल्या, जाता जाता केंद्र उघडू, आज मातीचा वर्ग आहे. कोपऱ्यावर सायकलवाल्याशी बोलायला मी थांबलो. तो माझा खास माणूस, मी थांबलो की त्याच्याकडे काहीतरी ताजं असतंच. आज तो बोलेना. टणक झालेल्या चाकात हवा भरत राहिला. मला तेव्हाच समजायला हवं होतं.

मी दारात पोचलो तर बाई आत गेल्या होत्या. दोन्ही हात पुढे करून, अंदाज घेत हळूहळू चालत होत्या.

"भाऊजी, थेंब फारच कडक आहेत. मला खुर्च्या दिसत नाहीत."

मला दिसत होतं. हॉलमध्ये एकही खुर्ची नव्हती. जमिनीवर खुर्च्यांच्या पायांचे गोल डाग, खिडकीपाशी वेताच्या खुर्चीखालची जरा उजळ फरशी, एवढंच. माझी जीभ, जिने आजवर कुणाला दगा दिला नाही, तिने मला दगा दिला. बाई डॉक्टरांच्या खुर्चीच्या जागी आल्या, गुडघ्याला लागेल म्हणून वाकल्या, हवेतच चाचपलं, सरळ झाल्या. मग थांबल्या आणि एक्स्चेंजमधल्या जुन्या आवाजात म्हणाल्या,

"हॅलो."

हॉलने तो शब्द परत दिला, जरा उशिराने. इतक्या खुर्च्या, पडदे, माणसं असताना तिथे कधी आवाज घुमलेला नव्हता. बाईंनी मान तिरकी करून ऐकलं.

"अच्छा," म्हणाल्या.

त्या दाराशी परत आल्या. कुलूप हातात घेऊन बोटांनी कडी, कोयंडा, खिळे सगळं चाचपलं. काहीही मोडलेलं नव्हतं. दोन किल्ल्यांपैकी एक त्यांच्या हातात होती. दुसरीचं नाव त्यांनी घेतलं नाही. त्या रिकाम्या हॉलला त्यांनी नीट कुलूप लावलं, ओढून बघितलं.

तेवढ्यात बस स्टँडच्या बाजूने कुणीतरी माइकवर हॅलो हॅलो करताना ऐकू आलं. "केमिस्ट," बाई म्हणाल्या, आणि चालायला लागल्या.

भवनाच्या फाटकावर पहारेकऱ्याने काय काम आहे विचारलं. बाईंनी सांगितलं, खुर्ची न्यायची आहे. त्याला वाटलं या बाई मांडववाल्याकडच्या असाव्यात. सोडलं.

आत मऊ खुर्च्यांच्या रांगा, आणि त्यांच्यापुढे, रंगमंचाला लागून, लाल गालिच्यावर आमच्या सगळ्या खुर्च्या. जीपची सीट, डॉक्टरांची खुर्ची, माझी आरामखुर्ची, खिडकीपाशी असायची ती वेताची. वर फलक, "आमचा वारसा". मधोमध बाईंची फिरणारी खुर्ची, तिला रिबीन, पाठीवर फुलांचा गुच्छ. काय झालं ते पुढे मला तुकड्यातुकड्यांत कळलं. त्यांनी सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं की बाईंना विचारलं तर त्या नाही म्हणतील, आणि तोंडावर निघालो म्हणायची कुणाची छाती नाही. तेव्हा खुर्च्या एकदम नेऊन त्यांचा सत्कारच करायचा. पुढची खुर्ची दिली की त्या खूश होतील, असं या शहाण्यांना मनापासून वाटत होतं. तिन्हीसांजेला वन्सं त्यांना घेऊन येणार होत्या. बाई लवकर आल्या.

बाई दारात दिसल्या तसं लोकांना वाटलं आल्याच. टाळ्या सुरू झाल्या. माझ्या दंडाला धरून त्या पुढे चालत गेल्या, खुर्चीपाशी पोचल्या. टाळ्या वाढल्या. त्यांनी गुच्छ काढून जवळ उभ्या असलेल्याच्या हातात दिला, ते अध्यक्ष निघाले. रिबीन सोडली, गुंडाळी करून तीही दिली. मग टाळ्या एकेक करत थांबल्या.

"वन्सं कुठे आहेत?"

वन्सं पडद्याच्या दोरीपाशी होत्या. पुढे आल्या. त्यांच्या छातीवर नवा बिल्ला होता, कलाविभाग प्रमुख. बाईंना तो दिसला नसणार.

"वन्सं, मी निघाले. चहा आहे का?"

कुणीतरी धावत थंड पेयाची बाटली आणली. बाईंनी ती बाजूला सारली, थंड चालत नाही म्हणाल्या. भवनात सगळं होतं, चहा तेवढा नव्हता. अध्यक्षांनी भाषणाला सुरुवात करावी की नाही हे त्यांना कळेना, ते कागद हातात धरून उभे राहिले. केमिस्ट स्वतः स्टँडवरच्या टपरीकडे पळाला. तो येईपर्यंत अख्खं भवन दाराकडे बघत होतं. मी आयुष्यात लांबलचक कार्यक्रम बरेच पाहिलेत, पण इतका लांबलेला नाही.

चहा आला. बाईंनी दुसरा ग्लास वन्संना द्यायला लावला. दोघी समोरासमोर उभ्या राहून प्याल्या. बाई सावकाश, शेवटपर्यंत. वन्संचा ग्लास भरलेलाच राहिला. कुणी कारण विचारलं नाही, कारण ती रीतच नव्हती. बाईंनी ग्लास केमिस्टला दिला, वाकल्या आणि ती लोखंडी खुर्ची उचलली. मी हात पुढे केला तर "तुमची तुम्ही उचला" म्हणाल्या. मग यजमानांच्या खुर्चीपाशी थांबल्या, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि ती तिथेच ठेवून निघाल्या. तिचा मालक ती न्यायला येणार नव्हता.

दंडाला धरायला हात मोकळा नव्हता, म्हणून मी पुढे चालत पायऱ्या सांगत गेलो. बाहेर आल्यावर माझं डोकं तापलेलं. वन्संचंही काहीतरी एक्स्चेंजवरून गेलेलं आहे, तरुणपणाचं, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी म्हटलं, वहिनी, आता तरी सांगा, उद्या गावभर करतो. बाई खुर्ची खांद्यावर घेऊन चालत राहिल्या. थोडं पुढे गेल्यावर म्हणाल्या, भाऊजी, खड्डा असेल तर सांगा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीप्रमाणे त्यांच्याकडे चहाला गेलो. स्वयंपाकघरात दोघी होत्या. वन्संचे डोळे सुजलेले. तुझ्यासमोर तोंडच उघडत नाही गं, त्या म्हणत होत्या, तू आवाजावरून सगळं ओळखतेस, कसं सांगणार?

"ओळखलं नाही ना वन्सं," बाई म्हणाल्या. "तुमच्या घशाला मीठपाणी देत होते मी."

वन्सं रडायला लागल्या. खूप वर्षं तुझंच नाव ऐकलं, तिथे माझं नाव लागलंय, असंही काहीतरी म्हणाल्या. बाई गॅसपाशी वळल्या.

"नुसतं निघाले म्हणाला असतात तर टेम्पो मीच बोलावला असता. तुमच्या खुर्चीला फडका गुंडाळून दिला असता."

त्यावर वन्संनी कमरेची किल्ली सोडली आणि टेबलावर ठेवली. बाईंनी तिला हात लावला नाही. तिघांचा चहा गाळला, वन्संच्या कपात नेहमीसारखी साखर कमी घातली.

बर्फाचा कारखाना आता रोज उघडतो. आत बाईंची खुर्ची असते आणि माझी. ती आणायला मी भवनात गेलो, निघालो म्हणालो, अध्यक्षांना चहा मागवायला लावला आणि आरामखुर्ची डोक्यावर घेऊन सगळ्या बाजारातून आलो. कुणी अधूनमधून डोकावतं. परवा दातांचे डॉक्टर आले, दारात उभे राहून हॉल बघत राहिले, आत आले नाहीत. बाईंनी या म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. हॉल अजून घुमतो, त्यामुळे आम्ही हळू बोलतो. मला ते फार जड जातं.

भवनात वन्संचे वर्ग जोरात आहेत. घरी दोघींचं जेवण एकत्रच होतं, मीठ दे, पाणी घे, एवढं बोलणंही होतं. किल्ली अजून त्या टेबलावरच आहे. रोज सकाळी बाई टेबल पुसतात, संध्याकाळी वन्सं पुसतात. दोघींचाही फडका किल्लीच्या भोवतीने फिरतो, आणि तिच्याभोवती आता धुळीची किल्ली उमटायला लागली आहे.